मेलेल्या माणसाचा हप्ता
एका विधवेच्या पीएम किसान नोंदीची तीन वर्षं

"दादा, ह्यांचा हप्ता पडला का बघा की."

२०२२ ची दिवाळी तोंडावर होती. पीएम किसानचा बारावा हप्ता १७ ऑक्टोबरला सुटला होता आणि माझ्या सेवा केंद्रात बसायला जागा नव्हती. ज्यांना दोन हजार आले ते काढायला आलेले, ज्यांना नाही आले ते का नाही विचारायला. ही बाई दुसऱ्या गटातली. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत नवऱ्याचं आधार, पासबुक आणि घडी पडून पडून चार तुकडे व्हायला आलेला सातबारा. दोन दिवसांनी ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर निघणार होता, म्हणून घाई.

नोंदणी क्रमांक टाकला. आधार बँकेला जोडलेलं, हो. लँड सीडिंग, म्हणजे जमिनीची नोंद जोडलेली, नाही. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवलेली, नाही. मी नेहमीसारखं म्हणालो, "त्यांना पाठवून द्या ताई, अंगठा लागतो. पंधरा रुपयांचं काम आहे." ती म्हणाली, "ते तर गेले की. पंचमीच्या आधी, गेल्या साली. कावीळ झाली होती."

तेवढ्या वेळात मी खाली सरकवून आधीचे हप्ते बघितले होते. माणूस जून २०२१ मध्ये गेला. त्यानंतर ९ ऑगस्ट २०२१, १ जानेवारी २०२२ आणि ३१ मे २०२२ असे तीन हप्ते त्याच्या खात्यात जमा होते. सहा हजार रुपये.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवायचं कारण एवढंच की यात कुणीही चोर नाही. पीएम किसानमधल्या गडबडीची बातमी येते तेव्हा ती अपात्र लाभार्थ्यांची असते. आयकर भरणाऱ्यांनी पैसे घेतले, नोकरदारांनी घेतले. माहिती अधिकारात २०२१ च्या जानेवारीत बाहेर आलेला आकडाच २०.४८ लाख अपात्र लाभार्थी आणि १,३६४ कोटी रुपये असा होता. त्या चाळणीतून दगड निघाले हे खरं. पण दाणेही किती गेले, हे आमच्यासारख्या काउंटरवर बसणाऱ्याला रोज दिसतं. ही बाई त्यातली एक. नाव, गाव, तालुका देत नाही. बीड जिल्ह्याचा डोंगरपट्टा, एवढं पुरे.

घर आणि जमीन

नवऱ्याच्या वाट्याला अडीच एकर, तेही भावांसोबत सामाईक खात्यात. विहीर तिघांत एक. खरिपात सोयाबीन आणि थोडा उडीद. रब्बीत ज्वारी झाली तर झाली. दसरा-दिवाळीला नवरा-बायको ऊसतोडीला जायचे. आमच्याकडे जोडप्याला कोयता म्हणतात. दोघं मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ रक्कम कोयत्यावर, हिशोब कोयत्याचा. नवरा गेल्यावर ती अर्धा कोयता झाली. मग तिच्या भावाबरोबर टोळीत जायला लागली. मागे घरी सासू आणि मुलगा. बाप गेला तेव्हा मुलाला चौदावं चालू. थोरलीचं लग्न आधीच झालेलं.

२०१९ च्या फेब्रुवारीत योजना आली तेव्हा तलाठ्यांनी गावोगावी याद्या केल्या. २४ फेब्रुवारीला गोरखपूरला पहिला हप्ता सुटणार होता आणि अर्ज भरून घ्यायला हातात तीन आठवडेही नव्हते. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून रात्री उशिरापर्यंत नावं लिहिली गेली. ज्यानं जे सांगितलं ते लिहिलं. या घराचं नाव पहिल्याच यादीत आलं. सातबारावर नवऱ्याचं घरगुती नाव होतं आणि आधारवर शाळेतलं. बबन आणि बाबासाहेब असतं ना, तसलंच. तेव्हा कुणी बघितलं नाही. पुढे ह्याच फरकानं दोन महिने खाल्ले.

वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. २०१९ ला ठरलेली रक्कम अजून तीच आहे. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यालाच, मग त्याच वर्षी जमीनधारक सगळ्यांनाच. अपवाद नोकरदार, आयकरदाते, दहा हजार किंवा जास्त पेन्शनवाले, डॉक्टर-वकील वगैरे. आणि दोन नियम असे, ज्यांच्याकडे तेव्हा कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. एक, जमीन १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत नावावर असली पाहिजे. त्यानंतर नावावर आलेली चालेल ती फक्त वारसानं आली असेल तर. दोन, कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. सासू त्यात नाही, दीर नाही, अठरा पूर्ण झालेला मुलगाही नाही.

महसुलाच्या दप्तरात मात्र कुटुंब नावाची गोष्टच नसते, तिथं खातेदार असतो. बँकेला खातेदार दिसत नाही, आधार नंबर दिसतो. एका बाईच्या दोन हजारांसाठी या तीन दप्तरांत एकच माणूस उभा राहावा लागतो, आणि हिच्याबाबतीत एकाही दप्तरात ती नव्हती.

सहा हजार कुणी खाल्ले

मेलेल्या माणसाच्या खात्यातले पैसे काढले कुणी, हा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही. पुढं तिनंच सांगितलं. एटीएम कार्ड दिराकडे होतं, कारण ती तोडीला गेली की शेत तोच बघतो. ऑगस्टचे दोन हजार फवारणीत गेले, जानेवारीचे ज्वारीच्या खुरपणीला, मे अखेरचे सोयाबीनच्या बियाण्याला. म्हणजे शेतीच्या खर्चाला हातभार म्हणून जी रक्कम दिली ती अगदी त्याच शेतात, त्याच कामाला गेली. फक्त ज्याच्या नावानं आली तो माणूस नव्हता.

मृत्यूची खबर पोर्टलला आपोआप लागत नाही. मृत्यू नोंद नगरपालिकेत झाली, कारण दवाखाना शहरातला. तिथून ती तलाठ्याकडे आली नाही, तलाठ्याकडून योजनेकडे गेली नाही. हप्ता थांबला तो मृत्यूमुळे नव्हेच. बाराव्या हप्त्यापासून जमिनीची नोंद जुळवणं आणि ई-केवायसी याचा काच आवळला, म्हणून थांबला. तो काच किती घट्ट होता ते सरकारच्याच आकड्यावरून कळतं : अकरावा हप्ता २१,००० कोटींचा, बारावा १६,००० कोटींचा. साडेचार महिन्यांत पाच हजार कोटी कमी. त्यात मेलेले होते, बोगस होते, आणि ज्यांचा अंगठा उठला नाही असे जिवंतही होते.

इथं माझी चूक झाली ती सांगतो. त्या दिवशी मी तिला म्हणालो, "आधी वारस लावून घ्या, मग तुमच्या नावानं नवीन अर्ज करू." बरोबरच वाटत होतं. पण मी हे सांगितलं नाही की आधी नवऱ्याची नोंद मयत म्हणून बंद करून घ्या आणि ते सहा हजार परत भरा. मला वाटलं, नोंद बंदच पडलीय, मरू दे. थांबलेली नोंद आणि बंद केलेली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. त्याची किंमत तिनं एका अख्ख्या वर्षात मोजली.

वारस

ती गेली ती एकदम एप्रिल २०२३ मध्ये परत आली. सहा महिने गेले, आणि ते कुणाच्या हलगर्जीमुळे नाही. कारखाना चालू असताना उसाच्या फडातून उठून येणं म्हणजे उचल अंगावर ठेवणं.

मे महिन्यात वारसाचा अर्ज टाकला. पहिला अडथळा नावाचा. मृत्यूदाखल्यावर शाळेतलं नाव, सातबारावर घरगुती. दोन्ही नावाचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र करा, पोलिस पाटलाचा दाखला आणा. ते झालं. दुसरा अडथळा मी स्वतःच्या हातानं घातला असता, पण तलाठ्यानं वाचवलं. तिनं वारस सांगितले तीन : स्वतः, मुलगा, मुलगी. तलाठी म्हणाले, "म्हातारी जिवंत आहे ना? मग ती कुठंय?"

हे फार जणांना माहीत नसतं. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मेलेल्या माणसाची आई पहिल्या वर्गातली वारस आहे, बायको-मुलांच्या बरोबरीची. सासू म्हणाली, "मला काय करायचंय, गवऱ्या मसणात गेल्या." तरी तिचं नाव लागलंच पाहिजे आणि लागलं. मुलीचंही लागलं. भावकीतल्या एकानं तिथंच सुचवलं, पोरीचं हक्कसोड करून घ्या म्हणजे पुढं कटकट नको. बाईनं ऐकलं नाही. "तिच्या बापाचं हाय, राहू द्या," एवढंच म्हणाली. मला हे आवडलं, पण ते प्रकरणाचा भाग नाही.

वारस नोंदवहीत चार नावं आली. मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, धरला गेला, हितसंबंधितांना नोटिसा निघाल्या, पंधरा दिवसांची मुदत. कुणाची हरकत नव्हती. तरी मंडळ अधिकाऱ्यांकडून नोंद प्रमाणित व्हायला सप्टेंबर उजाडला. मध्ये एकदा प्रतिज्ञापत्रावर तारीख नाही म्हणून परत, एकदा सही करणारे साहेब रजेवर. शेवटी सातबारावर नवऱ्याच्या नावाला कंस पडला आणि खाली चौघांची नावं चढली. मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई'. अज्ञान पालनकर्ती आई. तिनं ती ओळ बोटानं धरून मला वाचायला लावली. दोनदा.

दीड वर्षानं, एप्रिल २०२५ मध्ये, सरकारनं राज्यभर जिवंत सातबारा मोहीम काढली. मयत खातेदारांची नावं काढून वारस लावायचे, तलाठ्यानं, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्यानं, गावात बसूनच. तिच्या शेजारच्या घरातली तशीच नोंद त्या मोहिमेत काही आठवड्यांत झाली. चांगलंच झालं. पण उशिरा आलेल्या पावसाकडे बघावं तसं ती बघत होती.

हे काम आमचं नाही

वारसाचं चालू असतानाच मी तिला म्हणालो, नवऱ्याची नोंद बंद करायचा अर्ज पण देऊन टाकू. तो अर्ज घेऊन ती कुठं कुठं फिरली ते समजायला थोडी मागची गोष्ट सांगावी लागेल.

महाराष्ट्रात या योजनेला सुरुवातीची चार वर्षं दोन बाप होते. जमिनीचं दप्तर महसूलकडे, म्हणून याद्या, दुरुस्त्या, तपासणी तलाठी-तहसीलदारांनी केली. योजना मात्र कृषी खात्याची. २०२१ साली केंद्राकडून कौतुक झालं ते कृषीच्या वाट्याला गेलं आणि महसूलच्या संघटनांनी या कामावर बहिष्कार टाकला. काम आम्ही करायचं आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात, असा तो राग. चुकीचा नव्हता. पण त्या रागाच्या काळात किती दुरुस्त्या पडून राहिल्या याचा हिशोब कुणी ठेवला नाही. २०२३ च्या मध्यावर काम रीतसर कृषीकडे सोपवलं गेलं.

आमची बाई नेमकी त्याच उंबरठ्यावर उभी. तालुक्याच्या एका कचेरीत सांगितलं, आता हे कृषीकडे गेलं. दुसऱ्या कचेरीत सांगितलं, आमच्याकडे अजून लॉगिन आलेलं नाही. दोन्ही वाक्यं खरी होती. तिनं तीन हेलपाटे घातले, एसटीचं अर्धं तिकीट सुरू झालं होतं म्हणून परवडलं तरी. चौथ्या वेळी अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. मी विचारलं, पोच का घेतली नाही? ती म्हणाली, "मागितली की. म्हणाले, विश्वास नाही का."

अंगठा, फोन, तोंड

ऑक्टोबर २०२३ ला पुन्हा ट्रॅक्टर निघाला. त्याच महिन्यात, २६ तारखेला, शिर्डीत नमो शेतकरी महासन्मान निधीचा पहिला हप्ता सुटला. राज्याचे वेगळे सहा हजार. ज्याला पीएम किसान मिळतं त्यालाच नमो मिळतो, म्हणून पीएम किसानमधून गळालेला माणूस त्या दिवसापासून दुप्पट गळाला. चार महिन्यांचं नुकसान दोन हजारांवरून चार हजारांवर गेलं.

नवीन नोंदणीला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तिच्या आधारला जोडलेला नंबर मुकादमाचा. कधीतरी टोळीतल्या सगळ्यांची कागदपत्रं त्यानंच काढून दिली होती, नंबर त्याचाच टाकला होता. तो मुकादम आता दुसऱ्या कारखान्याला, नंबर बंद. एप्रिल २०२४ ला ती परत आल्यावर आधी आधार केंद्रात पन्नास रुपये भरून नंबर बदलला. तो बदलून यायला दिवस गेले. मग ई-केवायसी.

अंगठ्याचं यंत्र तिचा ठसा घेत नाही. उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी, सगळं केलं. उसाच्या पाचटानं आणि कोयत्याच्या मुठीनं बोटं अशी झालीत की रेषा राहिल्याच नाहीत. मी ओल्या फडक्यानं पुसलं, मग खोबरेल लावलं, मग तेल पुसलं. ही आमची रोजची कला आहे. झालं नाही. शेवटी चेहऱ्यावरून ई-केवायसी करायचं ॲप काढलं. ही सोय जून २०२३ पासून आहे. दुकानात उजेड कमी, म्हणून तिला दारात उभं केलं. डोक्यावरचा पदर थोडा मागं घ्या म्हटल्यावर ती अवघडली. रस्त्यावरून माणसं जात होती. "डोळे मिचकवा ताई." तिनं घट्ट मिटले. "मिटू नका, मिचकवा." तिसऱ्या वेळी हिरवा गोल आला. ती म्हणाली, "एवढ्यासाठी दोन वर्सं?"

एवढ्यासाठी नव्हतं. मे २०२४ मध्ये अर्ज भरला, कागद जोडले, तालुका स्तरावर गेला. जूनमध्ये परत आला. कारणं दोन. एक, पतीची नोंद चालू आहे आणि मृत्यूनंतरच्या हप्त्यांची वसुली बाकी. माझी २०२२ ची चूक दारात येऊन उभी राहिली. पोच न दिलेला अर्ज अर्थातच कुणाला सापडला नाही. दोन, जोडलेला फेरफार २०२३ चा, म्हणजे १ फेब्रुवारी २०१९ नंतरचा.

दुसरं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण यात अजूनही माणसं अडकतात. वारसानं जमीन आली हे दाखवायला नवीन फेरफार लागतो. पण मयत माणसाकडे ती जमीन त्या तारखेच्या आधीपासून होती हे दाखवायला त्याचा जुना फेरफारही लागतो. दोन्ही एकत्र जोडले नाहीत तर छाननी करणाऱ्याला फक्त एवढंच दिसतं की जमीन २०२३ ला नावावर आली, म्हणजे अपात्र. मी एकच जोडला होता. जुना फेरफार सासऱ्याच्या वारसाचा, वीसेक वर्षांपूर्वीचा. त्याची नक्कल काढायला आठवडा गेला.

आणि सहा हजार. तिनं ते भरले, पोर्टलवरून ऑनलाइन, माझ्या समोर. पैसे कुठून आणले? पुढच्या हंगामाच्या उचलीतून. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये झाला होता. सहा हजार म्हणजे साडेसोळा टनांच्या आसपास. तोही दर कोयत्याचा, दोघांचा. तिच्या वाट्याला निम्मे धरले तर दोघांनी मिळून तेहतीसेक टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीत चढवल्यावर तिचे सहा हजार होतात. दिरानं अर्धे देतो म्हटलं होतं. दिले की नाही, मी विचारलं नाही.

वसुलीचा नियम चूक आहे असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाचा हप्ता बंद झालाच पाहिजे. पण तीच शेती, तेच घर, आणि पात्र वारस समोर उभी असताना सहा हजार आधी परत घ्यायचे आणि मधल्या दोन वर्षांचं काहीच द्यायचं नाही, याला हिशोब म्हणत नाहीत. कुठल्याही किराणा दुकानदारानं वहीत एकीकडे जमा, एकीकडे नावे लिहून विषय मिटवला असता. पोर्टलला नावेची बाजू तेवढी कळते.

तो पावसाळा तिनं गावात काढला. २१ ऑगस्टला नमोचा चौथा हप्ता आमच्याच जिल्ह्यात, परळीला सुटला. ५ ऑक्टोबरला पीएम किसानचा अठरावा वाशीमला, त्याच दिवशी नमोचा पाचवा. गावात प्रत्येक वेळी फोन टुणटुण वाजायचे. तिचा अर्ज तालुक्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून राज्याला असा सरकत होता. डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला. ती तेव्हा फडात होती. मी फोन केला तर मागून ट्रॅक्टरवरच्या टेपचा आवाज, काही ऐकू येईना. "झालं" एवढंच ओरडून सांगितलं.

तोवर बुडालेले हप्ते मोजून ठेवलेत. पीएम किसानचे बारावा ते अठरावा असे सात, चौदा हजार. नमोचे पाच, दहा हजार. चोवीस हजार. मागचे मिळत नाहीत.

पैसे सुटले, आले कुठं

२४ फेब्रुवारी २०२५ ला एकोणिसावा हप्ता सुटला. पोर्टलवर तिच्या नावापुढे पैसे जमा. तिच्या पासबुकात काही नाही.

आधारवरून जाणारे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही. ते आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. तिच्या आधारला शेवटची जोडलेली बँक कुठली, ते बघितलं तर नावही तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. बराच वेळ विचारून विचारून उलगडलं. २०२३-२४ च्या हंगामात कोपीवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्यांवर, एक मुलगा आला होता, सिमकार्ड फुकट देत होता. आधार नंबर घेतला, यंत्रावर बोटं ठेवायला लावली. सिम मिळालं, ते महिनाभरात बंद पडलं. त्याच बैठकीत तिच्या नावानं खातं उघडलं गेलं होतं आणि आधार तिकडे वळलं होतं. तिला आजही वाटतं की तिनं फक्त सिम घेतलं.

पासबुक नाही, एटीएम नाही, नंबर बंद. पण आधार आणि बोट असलं की खात्यातून पैसे काढता येतात, बँक कुठलीही असो. एप्रिलमध्ये ती आल्यावर यंत्रासमोर बसवलं. अंगठे नाही, तर्जनी नाही, मधलं नाही. डाव्या हाताची अनामिका लागली. का कोण जाणे, त्या बोटानं कोयता धरत नसावेत. शिल्लक दिसली. दोन हजार काढून तिच्या हातात दिले. तीन वर्षांतला पहिला हप्ता. तिनं नोटा मोजल्या नाहीत, पिशवीत आधारच्या झेरॉक्सात घडी करून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन आधार आपल्या खात्याला परत जोडायचा फॉर्म भरला.

त्याच आठवड्यात फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक. १५ एप्रिलपासून राज्यात कृषीच्या योजनांना तो सक्तीचा झाला होता. ह्या खेपेला मोबाइल तिचा होता, नाव सातबारावर होतं, अर्ध्या तासात झालं. इतक्या सहज झालं की मलाच चुकल्यासारखं वाटलं. मग नमोचा सहावा आला, २ ऑगस्टला पीएम किसानचा विसावा, सप्टेंबरात नमोचा सातवा. एकोणिसावा धरून आठ हजार. त्यातून सहा हजारांची वसुली वजा केली तर दोन हजार उरतात. एसटी, प्रतिज्ञापत्र, नकला, बुडालेले रोज, हे धरलेलं नाही. माझे पैसे मी घेतले नाहीत, पण ते उपकार म्हणून सांगत नाही. निम्मा घोळ माझा होता.

ऑक्टोबरमध्ये ती परत गेली. मुलगा सप्टेंबरात अठरा वर्षांचा झाला. बारावीला बसायचं म्हणत होता, पण तिच्या भावाचा पाय मोडला आणि कोयता अर्धा राहू नये म्हणून आईबरोबर गेला. सातबारावरचा अ.पा.क. शेरा कमी करायचा अर्ज त्यानं जायच्या आधी सही करून माझ्याकडे ठेवलाय. शेरा निघाला की नियमानं तो वेगळं कुटुंब.

१९ नोव्हेंबर २०२५ ला एकविसावा हप्ता सुटला. विसावा ९.७ कोटी शेतकऱ्यांना होता, हा ९ कोटींना. जे कमी झाले त्यात ती आहे. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आलेले आणि एकाच कुटुंबातले दोघे लाभ घेणारे, असे संशयित बाजूला काढून त्यांचे हप्ते प्रत्यक्ष तपासणी होईपर्यंत रोखलेत. तिची तारीख २०२३ ची. यंत्रानं तारीख बघितली. मागे जोडलेले दोन फेरफार यंत्र बघत नाही, ते माणसानं बघायचे असतात.

माणूस आला होता. गावच्या कृषी सहायकानं मला फोन केला, "लाभार्थी घरी नाही, म्हातारी एकटी आहे, काय लिहू?" मी म्हटलं, तोडीला गेलीय लिहा, कागद माझ्याकडे आहेत, पाठवतो. ते म्हणाले, समक्ष लागतं.

तिला फोन लावला. रात्री आठला कोपीवर आल्यावर उचलला. सगळं सांगितलं. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पिशवी तुमच्याकडंच राहू द्या दादा. पट्टा पडला, कारखाना बंद झाला की येते."

पिशवी कपाटात आहे. फेरफाराच्या जुन्या नकलेला घडीवर चिकटपट्टी लावलीय, स्कॅन करताना तिथला गट नंबर नीट येत नाही. उद्या नवी नक्कल काढून ठेवतो.